माउंट शास्ता: आधी उतरण्याची वेळ ठरवा

उत्तर कॅलिफोर्नियातला माउंट शास्ता हा ४३२२ मीटर उंचीचा ज्वालामुखी. बे एरियातून ओरेगनकडे गाडीने जाणाऱ्या मराठी कुटुंबांना तो महामार्गावरून दिसतो. वसंतात अनेक जण स्की घेऊन तो चढतात आणि स्कीवरून घसरत उतरतात. नेहमीची वाट म्हणजे नैर्ऋत्येची ‘अ‍ॅव्हलांच गल्च’ ही रुंद घळ. तिच्यात हिमनदी नाही, भेगांची भीती नाही, म्हणून ती सोपी समजली जाते. नावातच हिमलोट आहे, हे मात्र विसरलं जातं.

बेत आखताना बहुतेक जण ‘निघायचं किती वाजता?’ इथून सुरुवात करतात. आपण उलट करा. आधी ‘उतरायचं किती वाजता?’ ते ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

कारण बर्फातच आहे. वसंतात दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं, असं रोज चालतं. त्यातून बर्फाचे कण जाडसर, गोल होतात. याला स्कीवाले ‘कॉर्न स्नो’ म्हणतात. पहाटे हे कण एकमेकांना घट्ट धरून असतात आणि उतार फरशीसारखा टणक लागतो. ऊन चढलं की वरचा बोटभर थर मऊ होतो. स्कीसाठी हाच उत्तम वेळ. आणखी उशीर झाला तर पाणी खोलवर मुरतं, थर पकड सोडतो आणि ओला बर्फ घसरू लागतो.

घळीचं तोंड नैर्ऋत्येला असल्याने तिथे ऊन उशिरा पोहोचतं. मे महिन्यातल्या स्वच्छ, बिनवाऱ्याच्या दिवशी उतरण्याची वेळ साधारण दहा ते बाराच्या दरम्यान धरा. वारा असेल तर बर्फ दिवसभर टणकच राहू शकतो. लवकर उतरणंही धोक्याचं, हे नवख्यांना पटत नाही. पण गोठलेल्या उतारावर पडलेला माणूस थांबत नाही.

आता अंदाज पाहायचा. नुसतं रात्रीचं तापमान पाहू नका, आकाश पाहा. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री ढग ती उष्णता अडवतात. सकाळी पाऊल घोट्यापर्यंत रुतत असेल, तर रात्री गोठणं झालंच नाही असं समजा आणि परत फिरा. त्याआधी माउंट शास्ता अ‍ॅव्हलांच सेंटरचं ताजं निवेदन वाचलेलं हवं.

कागदपत्रांचं काम थोडकं आहे: वनक्षेत्रात शिरण्याचा परवाना आणि दहा हजार फुटांवर जाण्यासाठी वेगळा सशुल्क पास. स्वतःची विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. त्या पिशव्या आधीच घेऊन ठेवा.

पहिल्या दिवशी सुमारे २१०० मीटरवरच्या बनी फ्लॅटपासून साधारण ३१८० मीटरवरच्या हेलन लेकपर्यंत जायचं. तळं शोधू नका, ते बहुतेक बर्फाखालीच असतं. चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ लावतात. ही केसाळ पट्टी असते. तिचे केस मागे कललेले असल्याने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. गडबड होते ती तिच्या गोंदात. पट्टी ओली झाली आणि रात्री गोठली, तर सकाळी चिकटत नाही. झोपताना ती अंगाशी ठेवा.

हेलन लेकपासून शिखर सुमारे ११४० मीटर वर. सहा-सात तास धरले, तर पहाटे तीनला निघावं लागतं. उतार तीव्र झाला की स्की पाठीवर, बुटांना काटे म्हणजे क्रॅम्पॉन आणि हातात बर्फाची कुऱ्हाड. पडल्यावर या कुऱ्हाडीने स्वतःला कसं थांबवायचं, ते आधी खालच्या सुरक्षित उतारावर शिकून घ्या.

वरच्या रेड बँक्स या लालसर कड्यांखाली रेंगाळू नका. रात्री बर्फाने जखडलेले दगड ऊन लागताच सुटतात. हेल्मेट उतरताना घालायचं असतं असं समजून ते पिशवीत ठेवणारे बरेच दिसतात; त्याची खरी गरज इथे आहे.

कड्यांपलीकडे मिझरी हिल. दमलेल्याला हेच शिखर वाटतं, पण खरं शिखर अजून पुढे असतं. इथे ढग उतरले तर माघार घ्या. उत्तरेकडे व्हिटनी, बोलम, हॉटलम या हिमनद्या आहेत, आणि धुक्यात भलत्याच उताराला लागणं सोपं असतं. ३० एप्रिल १८७५ रोजी निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आणि त्यांचा सोबती जेरोम फे वायुदाबाच्या नोंदी घ्यायला वर गेले आणि वादळात अडकले. शिखराजवळच्या गंधकाच्या गरम वाफाऱ्यांच्या चिखलात पडून त्यांनी रात्र काढली. एका अंगाने भाजत, दुसऱ्याने गारठत. वसंत म्हणजे नरम हवा, असं इथे नसतं.

शिखरावर लवकर पोहोचलात तर थांबा. रेड बँक्सच्या वर येऊन स्कीच्या काठीने बर्फ टोचून पाहा. टोक नुसतं खरवडत असेल, तर अजून वेळ आहे. बारा वाजले आणि आपण अजून चढतच असलात, तर जिथे आहात तिथूनच वळा.

उतरताना एकेकाने निघा, बाकीच्यांनी बाजूला, दगडांच्या वाटेबाहेर थांबून पाहावं. वाटेतल्या हॉर्स कॅम्प या ठिकाणाच्या खाली झाडीत बर्फ लगदा झालेला असतो आणि स्की अचानक अडकते. गुडघे बहुधा इथेच मुरगळतात, त्यामुळे वेग आधीच कमी करा.