विश्लेषण : नदी-डोंगरावरच्या ‘हंगामी गाईड’चे वर्ष कसे चालते? परभणीच्या तरुणाने हा हिशेब आधी का करावा?

हंगाम म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. मृगाच्या पावसावर पेरणी, दिवाळीच्या आसपास सोयाबीनची रास, मग ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी माणसे. गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी या भागातल्या अनेक घरांचे वर्ष असेच मोजले जाते. या यादीत आता आणखी एक हंगामी काम येऊ लागले आहे. सह्याद्रीत ट्रेक नेणे, कोलाडला राफ्टवर बसणे, उन्हाळ्यात हिमालयातल्या कॅम्पवर जाणे. मोबाइलवरच्या रील्समध्ये हे काम म्हणजे फुकट भटकंती वाटते. प्रत्यक्षात त्यात कष्ट, जबाबदारी आणि रिकामे महिने किती, हे पाहू.

गाईडचे काम नेमके काय?

वाट दाखवणे हा या कामाचा सर्वात सोपा भाग. ट्रेकवर साधारणपणे एक जण गटाच्या पुढे असतो आणि एक सर्वात मागे. मागचा माणूस जास्त अनुभवी असावा लागतो, कारण दमलेला, पाय मुरगळलेला किंवा घाबरलेला माणूस नेहमी मागेच राहतो. कोण पाणी पीत नाही, कोणाच्या बुटाचा तळ सुटतोय, धुके आल्यावर कोण वाट सोडतोय, यावर दिवसभर लक्ष ठेवावे लागते.

राफ्टिंगमध्ये गाईड राफ्टच्या मागच्या टोकाला बसतो. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘होल्ड ऑन’ अशा मोजक्या आज्ञांवर अनोळखी माणसांकडून एकाच लयीत वल्ही मारून घेणे हे त्याचे कौशल्य. राफ्टसोबत सुरक्षेसाठी कयाकवाला असतो आणि पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी हाताशी ठेवलेली असते. वेगवान पाण्यात पडल्यास उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे आणि उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, हे गाईड सुरुवातीलाच सांगतो. पाय दगडात अडकला तर कमरेएवढे पाणीही माणसाला आडवे करते.

वर्षाचे वेळापत्रक कसे असते?

सह्याद्रीचा हंगाम मेअखेरीस काजव्यांपासून सुरू होतो. भंडारदरा परिसरात त्या दिवसांत मोठी गर्दी असते. जून ते सप्टेंबर हे पावसाळी ट्रेकचे महिने. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ किल्ले, सुळके आणि सांदण दरीसारख्या वाटांचा. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर तर जवळपास वर्षभर गजबजलेले असते. मार्चनंतर उन्हामुळे सह्याद्रीतले काम आटते.

त्याच वेळी हिमालय उघडतो. एप्रिलअखेर ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले मुख्य ट्रेकिंगचे महिने. ऋषिकेशचे गंगेवरचे राफ्टिंग पावसाळ्यात बंद असते आणि पाणी उतरल्यावर सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू होते. हिमाचलमध्येही साधारण १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात राफ्टिंगवर बंदी असते. लडाखमध्ये मात्र जुलै-ऑगस्ट हाच झंस्कार नदीचा हंगाम, कारण ती नदी वितळलेल्या बर्फावर वाहते.

थोडक्यात, एका ठिकाणी काम संपते तेव्हा दुसरीकडे सुरू होते. वर्षभर काम हवे असेल तर गाईडलाही हंगामाच्या मागे फिरावे लागते. परभणीहून हे फिरणे अवघड नाही. सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्ली-अंबाल्याकडे नेते, तपोवन किंवा देवगिरीने सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचता येते. अडचण वेगळीच आहे, ती पुढे पाहू.

कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी कसे?

रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका हे महाराष्ट्रातील राफ्टिंगचे सर्वात परिचित ठिकाण. पावसाळा संपला की सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या आटतात, कुंडलिका मात्र वाहत राहते. याचे कारण वीज. मुळशी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे अर्धा किलोमीटर खाली भिरा येथील टाटांच्या वीजगृहात सोडले जाते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. याच मुळशी धरणाविरोधात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२० च्या दशकात सत्याग्रह झाला होता. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत येते.

म्हणजे इथली नदी आभाळाकडे पाहून वाहत नाही, विजेच्या वेळापत्रकानुसार वाहते. पाणी साधारण सकाळी सुटते, म्हणून राफ्टही सकाळीच निघतात. सुमारे १२ ते १४ किलोमीटरचा हा प्रवास दोन-अडीच तासांत संपतो. नद्यांची काठिण्यपातळी आंतरराष्ट्रीय पद्धतीने १ ते ६ अशी मोजली जाते. कुंडलिका साधारण २ ते ३ मध्ये बसते, म्हणजे नवख्यांना झेपणारी. ज्या दिवशी पाणी सुटत नाही, त्या दिवशी काम नाही आणि बहुतेक ठिकाणी त्या दिवसाची मजुरीही नाही.

परभणीत असे काही होऊ शकते का?

राफ्टिंगला पाण्याबरोबर उतार लागतो. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या जिल्ह्यातल्या नद्या सपाट काळ्या मातीतून संथ वाहतात. जिंतूर तालुक्यातील पूर्णेवरचे येलदरी धरण १९६० च्या दशकात बांधले गेले. तिथेही जलविद्युत प्रकल्प आहे, पण धरणाखाली थोड्याच अंतरावर सिद्धेश्वर धरणाचा फुगवटा लागतो. कोलाडसारखा खळाळता पट्टा तिथे मिळत नाही.

येलदरीच्या जलाशयात नौकाविहार किंवा कयाक, जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगरात शाळकरी मुलांच्या निसर्गसहली, चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांची सफर असे काम मात्र उभे राहू शकते. पण धरणाच्या पाण्यात काहीही सुरू करायचे तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. परवानगी आणि लाइफ जॅकेट नसताना पर्यटकांना होडीत बसवणे हा व्यवसाय नाही, तो जिवाशी खेळ आहे.

गोदाकाठच्या पोरांना पोहणे येते, ही जमेची बाजू खरीच. पण डोहातले पोहणे आणि धावत्या पाण्यातली सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शिकावीच लागते.

प्रशिक्षण कुठे मिळते?

गिर्यारोहणासाठी देशातील सरकारी संस्थांना मान आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये स्थापन झाली, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग १९६५ मध्ये. मनाली आणि पहलगाम येथेही संस्था आहेत. पहिली पायरी म्हणजे सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स कोर्सला प्रवेश मिळतो. त्यानंतर शोध व बचाव आणि प्रशिक्षक होण्याचे अभ्यासक्रम आहेत. जागा कमी आणि अर्ज जास्त असल्याने नाव बरेच आधी नोंदवावे लागते.

राज्यात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेशी संलग्न गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगमध्ये प्रशिक्षण मिळते. पाण्यातील कामासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षक आणि बोट चालवण्याचे अभ्यासक्रम घेते. राफ्ट गाईडसाठी इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशनची चाचणी जगभर मानली जाते.

कोणतीही वाट धरली तरी प्रथमोपचाराचे शिक्षण टाळता येत नाही. रुग्णवाहिका दहा मिनिटांत येईल असे गृहीत धरून शहरातला प्रथमोपचार शिकवला जातो. डोंगरात मदत पोहोचायला काही तास लागू शकतात.

मराठवाडा सपाट असला तरी इथली माणसे उंचीवर जात नाहीत असे नाही. छत्रपती संभाजीनगरचे पोलीस कर्मचारी रफीक शेख यांनी २०१६ मध्ये, तर मनीषा वाघमारे यांनी २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले.

नियम काय सांगतात?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवेतील साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. ही जबाबदारी आयोजकाची असली तरी गाईडनेही नोंदणी आहे का, हे विचारले पाहिजे. अपघातानंतर पोलीस पहिला जबाब जागेवरच्या गाईडचा घेतात. सोशल मीडियावर जाहिरात टाकून, शनिवारी बस भरून आणि रविवारी परत आणून सोडणारे अनेक गट कुठेही नोंदलेले नसतात. तिथे काम लवकर मिळते, संरक्षण मात्र शून्य असते.

पैशाचा हिशेब कसा मांडायचा?

इथे बहुतेकांची फसगत होते, कारण दिवसाचा दर पाहिला जातो आणि दिवस मोजले जात नाहीत. सह्याद्रीतले काम मुख्यतः शनिवार-रविवारचे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण १७ आठवडे, म्हणजे ३४-३५ दिवस. पावसाळ्याच्या ऐन हंगामातही कामाचे दिवस इतकेच.

समजा, पावसाळ्यात ३५, हिवाळ्यात ३५ आणि हिमालयात ६० असे वर्षाला १३० दिवस काम मिळाले आणि दिवसाला १,००० रुपये ठरले. वर्षाचे झाले १,३०,०००. त्यातून बूट, रेनकोट, हेडलाइट, दोर आणि प्रवास यांवर २०,००० गेले असे धरू. उरले १,१०,०००, म्हणजे महिन्याला ९,२०० रुपयांच्या आत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दर आणि दिवस आपापले टाकावेत, पण भागाकार बाराने करावा. कामावर असताना जेवण-मुक्काम सुटतो, हे खरे. उरलेल्या २३५ दिवसांचे मात्र स्वतःच पाहावे लागते.

दुसरी अडचण शेतीची. सह्याद्रीचा पावसाळी हंगाम म्हणजे परभणीतली पेरणी, खुरपणी आणि फवारणी. हिमालयाचा शरद हंगाम म्हणजे सोयाबीनची काढणी. दोन्ही हंगाम एकमेकांवर येतात. घरी दुसरे हात असतील तरच हे जमते. नसतील तर मजुरीवर जाणारा पैसा गाईडच्या कमाईतून वजा करावा लागतो.

अपघात झाला तर?

हा सर्वात दुर्लक्षित प्रश्न. गाईडचे शरीर हेच त्याचे भांडवल. गुडघा किंवा खांदा गेला तर संपूर्ण हंगाम जातो. अनेक आयोजक पर्यटकांचा विमा काढतात, गाईडचा काढतातच असे नाही. स्वतः घेतलेल्या अपघात विम्यातही साहसी खेळ वगळलेले असू शकतात. पॉलिसीतले ‘काय वगळले आहे’ हे पान आधी वाचावे.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण आहे. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला ते मिळते. यातून दवाखान्याचा खर्च मिळत नाही, तरीही ते असलेले बरे. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंदही करता येते. २०२१ मध्ये सुरू झालेली ही नोंदणी मोफत आहे.

डोंगरात कोणी अडकले तर राज्यातील गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या समन्वयाने धावून जातात. आपत्कालीन क्रमांक ११२ सगळीकडे सारखाच आहे.

मागणी टिकेल का?

पर्यटक वाढत आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांशी संबंधित १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. वाट, पाणी आणि इतिहास या तिन्हींची जाण असलेल्या गाईडची गरज वाढेल. पण किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातला तरुण तिथे आधीपासून आहे. बारी किंवा रतनवाडीच्या मुलाइतकी वाट परभणीच्या मुलाला ठाऊक असणार नाही. त्याने आपली किंमत प्रशिक्षण आणि बचावकौशल्यावर उभी करायला हवी. हे कौशल्य घरीही वाया जात नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्याने पाहिले की पाण्याने वेढलेल्या गावात दोर, बोट आणि थंड डोके असलेला एक माणूस काय करू शकतो. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत अशाच स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले जाते. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करता येते.

काम स्वीकारण्यापूर्वी काय विचारावे?

आयोजकाची नोंदणी आहे का? एका गाईडमागे किती पर्यटक? माझा विमा कोण काढणार? पाणी सुटले नाही किंवा ट्रेक रद्द झाला तर पैसे मिळणार का? आणि हवामान बिघडल्यावर मागे फिरण्याचा निर्णय कोणाचा? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘गाईडचा’ असे स्पष्ट आले नाही, तर ते काम सोडलेले बरे. पैसे परत द्यावे लागतील म्हणून गट पुढे रेटणाऱ्या आयोजकाकडे एक हंगाम जास्त मिळेल, पण एखाद्या दिवशी कोणाच्या तरी घरी फोन करायची वेळ गाईडवरच येईल.