नवा लॅपटॉप, जुना प्रिंटर: भंगारात काढण्याआधी हे तपासा

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुहूतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसातही मग नवा लॅपटॉप आला आणि मेंटेनन्सची बिलं छापायच्या दिवशीच जुना लेझर प्रिंटर गप्प! सेक्रेटरीकाका नवा प्रिंटर घ्यायलाच निघाले होते. पण बिघाड प्रिंटरचा नव्हताच. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. जुन्या सीडीतला ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर घ्या. आधी तो इन्स्टॉल करा, स्क्रीनवर सूचना आल्यावरच यूएसबी केबल जोडा. लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल तर मात्र हाही ड्रायव्हर चालणार नाही. अशा वेळी जुना कॉम्प्युटर इंटरनेट न जोडता फक्त छपाईपुरता ठेवा, फाइल पेनड्राइव्हवरून न्या.