रेडिओ-नियंत्रित ट्रकांची शर्यत

शंकरपटाची परंपरा ज्यांच्या परिचयाची आहे, त्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांस ही शर्यत सहज उमगेल. मात्र येथे वाहन खऱ्या ट्रकाच्या सुमारे एक-दशांश आकाराचे असून चालक उंच मंचावरून, बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी, त्यास हाकतो. एक-दशांश आकाराच्या, विजेवरील, मातीत धावणाऱ्या वाहनांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे भरली.

शनिवारी सराव व साधारणतः पाच-पाच मिनिटांच्या पात्रता-फेऱ्या, आणि तेथील कामगिरीनुसार गट मुक्रर होऊन रविवारी अंतिम फेऱ्या, असा बहुधा शिरस्ता असतो. यशाचे मर्म निव्वळ वेगात नसून मातीच्या परीक्षेत आहे: भुसभुशीत मातीस उंच दात्यांचे टायर मानवतात, तर आपल्या काळ्या जमिनीसारख्या सुकून टणक झालेल्या पृष्ठभागास आखूड दात्यांचे.

उलटलेले ट्रक सरळ करण्याची जबाबदारी बहुधा आधीच्या फेरीतील स्पर्धकांवरच असते. ज्याच्याशी पुढे झुंजावयाचे, त्याचेच वाहन तत्परतेने उभे करण्याचा हा दंडक या खेळाचे खरे भूषण होय. यंत्रविद्या व खिलाडूवृत्ती यांचा असा संगम आपल्या तरुणांनी अवश्य अभ्यासावा.