एका ब्रासमागे साडेचारशे लिटर

1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर वाळू. तिच्यावरचं सरकारी स्वामित्वधन 600 रुपये. बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या गोदाकाठी वाळूचा हिशेब सहसा इथेच मिटतो. पाण्याचा रकाना कोराच राहतो.

भूजल मोजण्याच्या देशातल्या प्रचलित मानकांनुसार वाळूच्या थरातून त्याच्या आकारमानाच्या सुमारे 16 टक्के पाणी मिळतं. बीड जिल्ह्याच्या बहुतेक जमिनीखाली असलेल्या काळ्या पाषाणात हेच प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 1 ब्रास वाळू सुमारे 450 लिटर पाणी देते, तेवढाच पाषाण जेमतेम 57. उन्हाळ्यात पात्रात हातभर झिरा खणला की थोड्या वेळात निवळ पाणी वर येतं आणि वाटीवाटीने घागर भरते, ती या 16 टक्क्यांच्या जोरावर.

हेच गणित एका हेक्टरला लावू. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 3 मीटरपेक्षा खोल उपसा करता येत नाही. ही मर्यादा तंतोतंत पाळली तरी हेक्टरभर पात्रातून 30,000 घनमीटर, म्हणजे सुमारे 10,600 ब्रास वाळू निघते. तिजोरीत येतात साधारण 63 लाख 60 हजार रुपये. नदीतून जाते 48 लाख लिटरची साठवण, म्हणजे 10,000 लिटरचे 480 टँकर. पैसा एकदाच येतो. ती साठवण मात्र दर पुराला नव्याने भरली असती.

खड्ड्यातही पाणी साचतंच की, असं कुणी म्हणेल. साचतं, पण उघड्यावर. उन्हाने त्याची वाफ होते, तळाला गाळ बसून मुरणं मंदावतं. शिवाय पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणी नदीकडे ओढलं जातं आणि त्यांची पातळी उतरते.

कोलारची सोन्याची खाण 2001 मध्ये बंद पडली. दगडातून काढलेलं सोनं पुन्हा तिथे येत नाही. वाळूचं तसं नाही, ती पुराबरोबर परत येते. पण 1976 पासून पैठणला जायकवाडी धरण उभं आहे. वरून येणारी बरीचशी वाळू तिथेच अडते. खाली गेवराईच्या पात्रात भर पडते ती मुख्यतः मधल्या ओढ्या-नाल्यांची. व्याज आटलं आहे आणि आपण मुद्दल मोडून खातो आहोत.

उपाय कागदावर आहे. 2020 च्या केंद्रीय सूचनांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पात्र मोजून नवी भर किती पडली ते पाहायला सांगितलं. ती भर हीच उपशाची कमाल मर्यादा मानावी. भर नसेल तर त्या वर्षी वाळूगटाचा लिलावच नको.

मग बांधकामं थांबतील? राज्याच्या 2025 च्या धोरणानुसार घरकुलाला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत मिळते. या हिशेबाने 10,600 ब्रासमध्ये 2,120 घरकुलांची गरज भागते. मोठ्या बांधकामांसाठी दगड दळून केलेली कृत्रिम वाळू आहे, तिचं स्वामित्वधन 200 रुपयांवर आणलं गेलं. अर्थात तिच्या खाणींनाही मोजमाप हवंच.

लिलावाच्या कागदावर ब्रासशेजारी लिटरचा रकाना आला पाहिजे. दर 22 ब्रासमागे एक टँकर, हे सही करणाऱ्याला दिसलं पाहिजे.