गाडीत वाचलेलं पत्र

२० एप्रिल १९१४ रोजी ‘आसाही शिंबुन’ या जपानी दैनिकात नात्सुमे सोसेकी यांची नवी गोष्ट सुरू झाली. ‘कोकोरो’ या नावाखाली काही छोट्या कथा द्यायच्या, असा त्यांचा बेत होता. पहिलीच कथा लांबत गेली आणि ११० हप्त्यांनी थांबली, तेव्हा तिची कादंबरी झाली होती. सप्टेंबरात तोक्योच्या जिंबोचोमधल्या इवानामी या पुस्तकविक्रेत्याने ती छापली. खर्च सोसेकींचा, मुखपृष्ठही त्यांनीच केलेलं. त्या दुकानातून पुढे जपानमधली एक नामवंत प्रकाशनसंस्था उभी राहिली.

‘कोकोरो’ म्हणजे काळीज, मन, अंतःकरण. इंग्रजी अनुवादक एडविन मॅक्लेलन यांनी १९५७ मध्ये हे शीर्षक जसंच्या तसं ठेवलं. मराठीत आपण ‘मन’ म्हटलं तर फार काही निसटणार नाही, असं मला वाटतं.

कामाकुराच्या समुद्रकिनारी एका विद्यार्थ्याची एका गृहस्थाशी ओळख होते. तो त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणू लागतो. ते शिकवत नाहीत, नोकरीही करत नाहीत. दर महिन्याला झोशिगायाच्या दफनभूमीत एका मित्राच्या थडग्याशी मात्र एकटेच जातात. का, ते शेवटच्या भागातल्या त्यांच्या लांबलचक पत्रातून कळतं. एकाच घरात राहणारे दोन मित्र, घरमालकिणीची मुलगी, मित्राने विश्वासाने सांगितलेलं प्रेम, आणि त्याच्या नकळत सेन्सेईंनी तिच्या आईकडे घातलेली मागणी. मित्र आत्महत्या करतो. सेन्सेई त्याच मुलीशी संसार करतात आणि तिला कधीच काही सांगत नाहीत.

पत्रात खऱ्या घटनाही येतात. १९१२ मध्ये जपानचे सम्राट मेइजी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी जनरल नोगी यांनी पत्नीसह प्राण दिले. १८७७ च्या लढाईत पलटणीचं निशाण गमावल्याची सल नोगींनी ३५ वर्षं बाळगली होती. सेन्सेई पत्रात तीच वर्षं मोजतात. पहिल्या वाचकांना ही बातमी ताजी होती. आज ती टिपांमधून समजून घ्यावी लागते. तरी पुस्तक मागे पडलं नाही. शिंचो प्रकाशनाच्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीच्याच ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०१४ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, ‘आसाही’ने तीच कादंबरी पुन्हा हप्त्याहप्त्याने छापली.

यात शाळेचा वाटा मोठा आहे. १९५० च्या दशकापासून ‘कोकोरो’चा उतारा जपानी हायस्कूलच्या पाठ्यपुस्तकांत येऊ लागला. उतारा बहुधा पत्रातलाच असतो: मित्राची कबुली, ती मागणी, तो मृत्यू. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अपराध आधी भेटतो. पत्र कुणाला लिहिलंय ते कळायला पूर्ण पुस्तकच उघडावं लागतं. माझ्या मते या कादंबरीला पिढ्यान्‌पिढ्या वाचक मिळतात ते इथे.

कारण पुस्तक उघडलं की एक आगगाडी दिसते. गावी वडील अखेरच्या घटका मोजत असताना तो विद्यार्थी स्टेशनाकडे धावतो, तोक्योची गाडी पकडतो आणि डब्यात बसून पत्र उलगडतो. पत्र संपतं तिथेच कादंबरी संपते. तो तोक्योला पोहोचला का, वडिलांचं काय झालं, हे सोसेकी सांगत नाहीत.