कुपनांवर शिवलेले नृत्य

बॅले या पाश्चात्त्य नृत्यनाट्याचा विषय निघाला की आपल्याकडील रसिकाचे लक्ष प्रथम संगीताकडे आणि नर्तकीच्या पदन्यासाकडे जाते, आणि तिच्या अंगावरील वस्त्रांना तो शोभेच्या खात्यात टाकून मोकळा होतो. हा समज किती अपुरा आहे हे पाहावयाचे असेल, तर दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत इंग्लंडमधील ‘सॅडलर्स वेल्स बॅले’ या मंडळीवर जे प्रसंग गुदरले त्यांच्याकडे वळावे. निनेट दि व्हॅल्वा या कर्तबगार बाईंनी १९३१ साली ती उभी केली होती. मार्गो फाँटेनसारखी तरुण नर्तकी, फ्रेडरिक अ‍ॅश्टनसारखा नृत्यरचनाकार आणि कॉन्स्टंट लँबर्टसारखा संगीतनियोजक अशी माणसे एकाच छत्राखाली आल्यामुळे युद्ध सुरू होईपर्यंत या मंडळीने चांगले नाव मिळविले होते.

मे १९४० मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या तजविजीने ही मंडळी हॉलंडच्या दौऱ्यावर गेली. दोन्ही देशांचे सौहार्द कलेच्या द्वारे दृढ व्हावे हा त्यामागील सरकारी हेतू होता. पण ९ मेच्या रात्री आर्नहेम येथील प्रयोग आटोपून नर्तक हेगच्या मुक्कामी परतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच जर्मन फौजांनी हॉलंडवर आक्रमण केले. आकाशातून छत्रीधारी सैनिक उतरत असताना या मंडळींना जीव वाचवून किनारा गाठावा लागला, आणि शेवटी एका मालवाहू जहाजाच्या तळघरात दाटीवाटीने बसून ती इंग्लंडला पोचली. माणसे सुखरूप परतली, परंतु सहा नृत्यनाट्यांचे पडदे, पोशाख आणि संगीताच्या वह्या असा सारा सरंजाम मागेच राहिला. तो पुन्हा मिळाला नाही.

ही हानी किती मोठी होती हे समजण्यासाठी बॅलेच्या वस्त्राची घडण थोडी जाणून घेतली पाहिजे. नर्तकीचा जो आखूड, कमरेशी आडवा पसरलेला झगा आपण चित्रांत पाहतो, त्याला ‘टूटू’ म्हणतात. जाळीदार कापडाचे एकाखाली एक असे कित्येक थर लावून ते आतून टाक्यांनी अशा रीतीने बांधतात, की झगा न लोंबता ताठ राहावा आणि तरीही नर्तकीच्या प्रत्येक गिरकीबरोबर हलावा. वरची चोळी अनेक तुकड्यांची असते व ती त्या एका नर्तकीच्या अंगाबरोबर बेतलेली असते, कारण उचलून धरणाऱ्या जोडीदाराच्या पंजाखाली ती तसूभरही सरकून चालत नाही. पायाच्या अंगठ्यांच्या टोकांवर शरीर तोलण्यासाठी जे सॅटिनचे जोडे लागतात, त्यांचे टोक कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असते; घामाने आणि आघाताने ते मऊ पडते, आणि मुख्य नर्तकीचा एक जोड एखाद्या प्रयोगातच निकामी होतो. अर्थात ही कला अखंड शिलाईवर आणि कापडाच्या अखंड पुरवठ्यावर जगते. गंधर्व नाटक मंडळीच्या भरजरी शालूंच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला रंगपटाच्या खर्चाचे नवल वाटावयाचे नाही. पण नाटकात जुनी पैठणीही चालून जाते, फाटका टूटू मात्र नर्तकीला पाडू शकतो.

आणि नेमका हा पुरवठाच युद्धाने तोडला. रेशीम हवाई छत्र्यांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि पुढे १ जून १९४१ पासून सरकारी फर्मानाने वस्त्रांचे नियंत्रण अंमलात आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने ठरली. स्त्रीच्या लोकरीच्या एका झग्यालाच त्यांतील ११ खर्ची पडत, आणि पुढील वर्षांत ही मर्यादा आणखी खाली आली. मुंबईत रेशनिंग सुरू झाल्यावर कार्डे घेऊन रांगांत उभ्या राहिलेल्या पिढीने आपल्या घरांतही कंट्रोलच्या कापडाची अशी काटकसर पाहिली होती. ज्या देशात आईला मुलाच्या कोटासाठी कुपने मोजावी लागत होती, तेथे नर्तकीच्या झग्यासाठी वारच्या वार जाळी मागणे सोपे नव्हते. म्हणून जुने पोशाख उसवून, उलटवून, रंगवून पुन्हा वापरणे हाच शिरस्ता झाला. पुरुष नर्तक एकामागून एक सैन्यात भरती होऊ लागले, अ‍ॅश्टनही हवाई दलात गेला, आणि त्यांच्या जागी शाळेतली कोवळी पोरे उभी राहिली. एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्याला बसता करण्याचे काम साहजिकच शिवणखात्याच्या बायकांकडे आले. त्या बायकांची नावे इतिहासाच्या दप्तरात फारशी आढळत नाहीत, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

युद्धामुळे कला केवळ खुरटलीच असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी १९४० मध्ये, पोलंडचा पाडाव ताजा असताना, अ‍ॅश्टनने ‘दांते सोनाटा’ बसविले. प्रकाशाची आणि अंधाराची लेकरे यांचा हा संघर्ष, आणि त्यात कोणाचाच विजय नाही. सोफी फेदोरोविच या चित्रकर्तीने त्यासाठी जी वस्त्रे योजिली ती साधी, सैलसर होती. नर्तकी अनवाणी, केस मोकळे सोडलेल्या. टूटू नाही, सॅटिनचे जोडे नाहीत. दुःखाला भरजरी पोशाख शोभत नाही हे या बाईने ओळखले होते, आणि युद्धकाळातील प्रेक्षकांच्या मनाला हे नृत्यनाट्य जितके भिडले तितके क्वचितच दुसरे भिडले असेल.

बॉम्बवर्षावाच्या दिवसांत सॅडलर्स वेल्सचे नाट्यगृह घरे उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांच्या आश्रयासाठी देण्यात आले आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. वाद्यवृंद परवडेना तेव्हा लँबर्ट आणि हिल्डा गाँट यांनी दोन पियानोंवर संगीत निभावून नेले. १९४१ पासून लंडनच्या न्यू थिएटरमध्ये प्रयोग होऊ लागले, आणि तेथे गणवेशातील शिपाई, परिचारिका, कारखान्यांतील कामगार असा नवा प्रेक्षकवर्ग या कलेला लाभला. रशियातही याच काळात लेनिनग्राडची किरोव मंडळी उरल पर्वताजवळच्या पेर्म शहरी हलविली गेली होती, आणि संगीतकार खाचातुरियनच्या ‘गयाने’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच झाला.

युद्ध संपले तेव्हा लंडनचे रॉयल ऑपेरा हाउस जोडीनृत्याचा सार्वजनिक दिवाणखाना म्हणून चालत होते. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या पुढाकाराने ते पुन्हा कलेकडे आले आणि २० फेब्रुवारी १९४६ रोजी ‘द स्लीपिंग ब्यूटी’ने त्याचे द्वार उघडले. शंभर वर्षांच्या निद्रेनंतर जागी होणाऱ्या राजकन्येची कथा या प्रसंगी निवडण्यात केवढे औचित्य होते! नेपथ्य आणि वेशभूषा ऑलिव्हर मेसेल याची होती. युद्धात हाच मनुष्य तटबंदीच्या चौक्यांना गवताच्या गंजीचे किंवा उपाहारगृहाचे सोंग देऊन शत्रूची दिशाभूल करण्याच्या कामावर होता. आता तेच कसब त्याने राजवाड्याच्या निर्मितीला लावले. कुपने अद्याप चालू होती, आणि भव्य रंगभूमीला साजेलशा वस्त्रांसाठी त्यांची जमवाजमव करावी लागली. हलक्या, स्वस्त साहित्यातून दुरून जरतारीचा भास होईल अशी युक्ती मेसेलला साधलेली होती. फाँटेन राजकन्या ऑरोराच्या रूपात अवतरली, तेव्हा राजा सहावा जॉर्ज सहकुटुंब प्रेक्षागारात उपस्थित होता. करड्या गणवेशांनी आणि अंधारपडद्यांनी थकलेल्या डोळ्यांना त्या रात्री रंगांची मेजवानी मिळाली. अशा समयी वस्त्र ही चैन होती असे जो म्हणेल, त्याला सहा वर्षांच्या अभावानंतर रंगाची भूक किती तीव्र होते याची कल्पना नाही असेच मी म्हणेन. हेच नृत्यनाट्य घेऊन मंडळी ऑक्टोबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कला गेली, आणि तेथील यशाने तिची कीर्ती जगभर पसरली.

हॉलंडमध्ये हरपलेल्या सहा कृतींपैकी काही कालांतराने पुन्हा उभ्या राहिल्या. ‘फसाड’ लवकरच नव्या साजात आले. बुद्धिबळाच्या डावावर रचलेल्या ‘चेकमेट’साठी मॅकनाइट कॉफर याने १९४७ साली पुन्हा पोशाख रेखाटले. पण १९३८ चे ‘होरोस्कोप’ गेले ते गेलेच. आपल्या वाचकाला त्याचे कथानक अगदी परिचयाचे वाटावे: नायकाचा सूर्य सिंह राशीत, नायिकेचा कन्येत, म्हणून दोघांची ताटातूट, दोघांचाही चंद्र मात्र मिथुनेत, आणि तोच शेवटी त्यांना एकत्र आणतो. फाँटेन आणि मायकेल सोम्स यांनी नाचलेली, फेदोरोविचने सजविलेली ही अ‍ॅश्टनची कृती. तिची संपूर्ण स्वरलिपी आणि वस्त्रे एकाच वेळी नाहीशी झाल्यावर केवळ नर्तकांच्या स्मरणावर ती तगू शकली नाही.

हीच मंडळी पुढे ‘रॉयल बॅले’ झाली, आणि मेसेलची रेखाटने पुढे ठेवून तिने २००६ साली, आपल्या पंचाहत्तराव्या वर्षी, ‘स्लीपिंग ब्यूटी’ पुन्हा रंगभूमीवर आणले. ‘होरोस्कोप’मधील लँबर्टच्या संगीताचे काही भाग आजही वाजविले जातात, त्याचे नृत्य मात्र कायमचे लोपले आहे.