शिसे-छर्ऱ्यांची विषबाधा, पक्ष्यांतील

शिकारीच्या बंदुकीतून उडालेले शिशाचे बारीक गोळे (छर्रे) जमिनीवर किंवा पाणथळ जागी साचल्यामुळे पक्ष्यांना होणारी विषबाधा. माती, गाळ व खाद्यमांस यांचे शिशामुळे होणारे दूषितीकरणही याच विषयात मोडते. शिकार थांबली तरी छर्रे जागच्या जागी राहतात. त्यामुळे ज्या प्रदेशात पूर्वी मोठ्या प्रमाणावर पक्षी मारले गेले, त्या प्रदेशात हा प्रश्न शिकारबंदीनंतरही शिल्लक राहू शकतो. महाराष्ट्रात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हा हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

छर्ऱ्यांचे स्वरूप : शिसे जड (घनता ११·३४ ग्रॅ./घ. सेंमी.), मऊ व कमी तापमानास (३२७° से.) वितळणारे असल्याने छर्ऱ्यांसाठी सोयीचे ठरले. कठीणपणा येण्यासाठी त्यात थोडे अँटिमनी मिसळतात. १७८२ मध्ये ब्रिस्टल (इंग्लंड) येथील विल्यम वॉट्स यांनी वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून पाण्यात सोडून गोल छर्रे बनविण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. तेव्हापासून छर्रे स्वस्त व मुबलक झाले. १२ बोअरच्या बंदुकीच्या एका काडतुसात साधारणपणे ३० ग्रॅ. शिसे असते. इंग्लिश मापाच्या ६ क्रमांकाचे सु. २७० छर्रे एका औंसात (२८ ग्रॅ.) भरतात. यांपैकी थोडेच पक्ष्याला लागतात. नेम चुकल्यास सर्वच परिसरात विखुरतात.

विषबाधेची प्रक्रिया : पक्ष्यांना दात नसतात. दाणे भरडण्यासाठी ते बारीक खडे गिळतात व ते पेषणीत (स्नायुमय जठरात) साठवितात. गाळात चोच घालून अन्न शोधणारी बदके छर्रे हे खडे किंवा बिया समजून गिळतात. तलवार बदक व मॅलार्ड यांना हा धोका विशेष असतो. पेषणीतील घर्षण व जठररसातील अम्ल यांमुळे छर्रा झिजतो व विद्राव्य शिसे रक्तात शोषले जाते. हीमोग्लोबिनाच्या निर्मितीस आवश्यक अशा एंझाइमाचे कार्य त्यामुळे मंदावते व पांडुरोग होतो. तंत्रिकांवर परिणाम होऊन स्नायू लुळे पडतात, पंख ओघळतात, हिरवट हगवण लागते व अन्न पुढे सरकत नाही. पक्षी रोडावत जाऊन दोन-तीन आठवड्यांत मरतो. शरीरात शिशाचे वर्तन काही अंशी कॅल्शियमासारखे असल्याने ते हाडांत साठते. आहारात कॅल्शियम कमी असल्यास शोषण वाढते. तित्तिर, कबुतरे यांसारखे जमिनीवर दाणे टिपणारे पक्षीही याला अपवाद नाहीत.

जखमी होऊन निसटलेले किंवा मरून पडलेले पक्षी खाल्ल्याने गरुड, गिधाडे इ. मांसाहारी पक्ष्यांना दुय्यम विषबाधा होते. त्यांच्या जठरातील अम्ल तीव्र असल्याने शिसे लवकर विरघळते. उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया काँडॉर हा पक्षी जवळजवळ नष्ट होण्यास शिकारीतील शिसे हे एक प्रमुख कारण ठरले. शिकारीच्या मांसातील शिशाचे सूक्ष्म कण माणसाच्याही पोटात जातात. आंबट पदार्थ घालून शिजविलेल्या मांसात शिसे अधिक उतरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा अनिष्ट परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही.

अहमदनगर जिल्हा : पर्जन्यछायेतील या जिल्ह्यातील गवताळ माळराने पूर्वी माळढोक, तणमोर, तित्तिर, लावे व पखुर्ड्या यांसाठी, तर तलाव हिवाळी पाहुण्या बदकांसाठी अनुकूल होते. रॉबर्ट मॅन्सफील्ड या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात या जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. याच सुमारास दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्स यांनाही हा पक्षी येथे विपुल आढळला होता. प्रत्येक पक्ष्यामागे एक औंसाचा एकच बार धरला, तरी मॅन्सफील्डच्या नोंदीतील शिकारीचे शिसे सु. २७ किग्रॅ. होते, चुकलेले बार धरल्यास ते याहून पुष्कळ भरेल. मात्र ते विस्तीर्ण माळावर विखुरलेले असल्याने एका ठिकाणी त्याचे प्रमाण अत्यल्प राहते. माळढोकाच्या ऱ्हासास शिकार व अधिवासनाश ही मुख्य कारणे होत. शिशाची विषबाधा नव्हे. याउलट, एकाच काठावरून वर्षानुवर्षे बदके मारली जातात अशा तळ्यांच्या उथळ भागात छर्रे दाटीने साचतात. तेथे विषबाधेचा धोका खरा असतो. अवर्षणात पाणी ओसरले की, खोल गाळातील छर्रेही चोचीच्या टप्प्यात येतात.

फासेपारधी जमातीची पारंपरिक शिकार फास व जाळी यांनी होत असे. तिच्यामागे मातीत शिसे उरत नसे. दूषितीकरणाचा हा प्रकार बंदुकीबरोबर आला.

मातीतील शिसे : छर्ऱ्यावर प्रथम ऑक्साइडाचा व नंतर कार्बोनेटांचा पांढरट थर चढतो व तो हळूहळू झिजतो. पूर्ण झीज होण्यास मातीनुसार अनेक दशके ते काही शतके लागतात. अम्लीय मातीत शिसे लवकर सुटते. जिल्ह्यातील काळ्या, चुनखडीयुक्त व क्षारधर्मी मातीत ते अल्पविद्राव्य कार्बोनेटांच्या रूपात आणि चिकणमातीच्या कणांना धरून राहते. त्यामुळे विहिरींच्या पाण्यात उतरण्याचा संभव कमी असतो. पण त्याच कारणाने छर्रे दीर्घकाळ टिकून पक्ष्यांच्या पोटात जाण्याची शक्यता राहते. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली तलावांतील गाळ शेतांत पसरला जातो. जेथे पूर्वी बंदुकीची शिकार होत असे, तेथील काठाचा गाळ उचलण्यापूर्वी नमुने चाळून छर्रे मोजणे आणि शिशाचे रासायनिक परीक्षण करणे हितावह होय.

कायदा व संरक्षण : मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा झाला. केंद्राच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने माळढोकाला पूर्ण संरक्षण दिले. तथापि लहान शिकारीच्या पक्ष्यांसाठी परवान्याची तरतूद होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत सु. ८,४९६ चौ. किमी. क्षेत्राचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. २०१२ मध्ये ते सु. १,२२२ चौ. किमी. इतके सीमित करण्यात आले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी (१९८०) व नाथसागराच्या जलाशयावर जायकवाडी पक्षी अभयारण्य (१९८६) स्थापन झाले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला असून त्याचा मुख्य आढळ आता राजस्थानात आहे.

इतर देशांतील उपाय : बदकांच्या या विषबाधेकडे अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्ये लक्ष वेधले. फ्रँक बेलरोझ यांच्या १९५९ मधील अभ्यासानुसार तेथील २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी यामुळे मरत. पाणपक्ष्यांच्या शिकारीतील शिशाच्या छर्ऱ्यांवर तेथे १९९१ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंदी आली. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे सर्वत्र बंद केले. यूरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागी व त्यांच्या १०० मी. परिसरात ते वर्ज्य आहेत. पर्याय म्हणून मऊ पोलाद, बिस्मथ व टंगस्टन यांचे छर्रे वापरतात. भारतात शिकारच निषिद्ध असल्याने नव्या छर्ऱ्यांचा प्रश्न अवैध शिकारीपुरता उरतो. स्थलांतर करणारी बदके मात्र वाटेतील अन्य देशांतून शिसे शरीरात घेऊन येथील तलावांवर उतरू शकतात. म्हणून मृत पक्ष्यांची पेषणी क्ष-किरणांनी तपासणे व यकृत आणि हाडे यांतील शिसे मोजणे हा पाणपक्षी-संरक्षणाचा आवश्यक भाग मानला जातो.